वेड्याच्या वाट्याची जागा

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे काही गावांच्या नशिबी एक चमत्कारिक काम आलेलं आहे. मुंबईकडे कुणी जरा तऱ्हेवाईक वागलं, की लोक म्हणतात, ‘याला ठाण्याला पोचवा रे!’ पुणे जिल्ह्यात तेच काम येरवड्याकडे आहे आणि कोकणात रत्नागिरीकडे. येरवड्याला तर दुहेरी ओझं, कारण मोठा तुरुंगही तिथलाच. बोलणारा हसतो, ऐकणारे हसतात. ज्याच्या घरातलं माणूस खरोखरच तिथं असतं, तो मात्र अशा वेळी पाणी प्यायचं निमित्त करून उठून जातो. माझ्या आईला असं उठून जाताना मी लहानपणी पुष्कळदा पाहिलेलं आहे.

आज मला बोलायचं आहे ते या इस्पितळांच्या जागेबद्दल. इस्पितळ जुनं होतं, रिकामं होतं, पाडलं जातं आणि मग त्या जागेचं काय होतं? प्रश्न इंजिनिअरांचा आणि बिल्डरांचा वाटेल. पण तो आपल्या घरापर्यंत कसा येतो, ते मी सांगणार आहे.

आधी थोडा हिशेब सांगतो. महाराष्ट्रात सरकारची चार मोठी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नागपूरचं सगळ्यांत जुनं, १८६४ सालचं. रत्नागिरीचं १८८६ सालचं. ठाण्याचं १९०१ सालचं. पुण्याजवळचं येरवड्याचं आकाराने सगळ्यांत मोठं, मंजूर खाटा २,५४०. ठाण्याच्या १,८५०, नागपूरच्या ९४० आणि रत्नागिरीच्या ३६५ मिळवल्या, की एकूण ५,६९५ खाटा होतात. ही सगळी इस्पितळं इंग्रजांच्या काळातली. त्या वेळी त्यांना ‘असायलम’ म्हणत. असायलमचा मूळ अर्थ आसरा. पण ती बांधताना गावापासून लांब, उंच भिंतीच्या आत, भरपूर मोकळ्या जमिनीवर बांधली गेली. आसरा आतल्या माणसाला हवा होता आणि भिंत बाहेरच्यांना. दोघांचीही सोय झाली.

ठाण्याचंच उदाहरण घ्या. मुंबईचे वेडे पूर्वी कुलाब्याला ठेवत. शहर वाढलं, कुलाब्याची जागा मोलाची झाली आणि इस्पितळ ठाण्याला हललं. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ते उभं राहिलं. तेव्हा ठाणं म्हणजे लहानसं गाव. देशातली पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली बोरीबंदरहून तिथं आली, ही त्याची मोठी ख्याती. त्या गावाच्याही बाहेर, झाडीत इस्पितळ बांधलं. पुढच्या शंभर वर्षांत गाव वाढत वाढत इस्पितळापर्यंत आलं, त्याला वळसा घालून पलीकडे गेलं. जी जमीन कुणाला नको होती, ती सोन्याच्या भावाची झाली.

ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये नवं रेल्वे स्थानक व्हावं, ही मागणी जुनी. ते व्हायचं कुठे, तर मनोरुग्णालयाच्या जागेवर. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. इस्पितळाच्या जमिनीच्या वापरावर न्यायालयाची बंधनं होती. अखेर २०२३ मध्ये १४.८३ एकर जागा स्थानकासाठी देण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच्याच जोडीने जुन्या इस्पितळाचा पुनर्विकास ठरला. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या नामांकित संस्थेच्या धर्तीवर तीन हजारांहून अधिक खाटांचं नवं इस्पितळ, अशी योजना पुढे आली.

मी स्थानकाच्या विरोधात नाही. ठाण्याच्या फलाटावर संध्याकाळी सहा वाजता जो उभा राहिला आहे, तो विरोधात असूच शकणार नाही. जुन्या गळक्या बराकी पाडून नव्या, हवेशीर इमारती व्हाव्यात, हेही योग्यच आहे. माझा प्रश्न साधा आहे. ही जागा होती कुणाच्या वाट्याची? आणि ती वाटून घेताना त्यांना कुणी विचारलं का?

परदेशात हा प्रश्न आपल्याआधी आला, कारण तिकडची इस्पितळं आधी रिकामी झाली. १९५० नंतर औषधं निघाली, त्यांनी पुष्कळ रुग्ण सावरले. सरकारांनाही हजारो माणसं सांभाळणं महाग वाटू लागलं. मोठाल्या इस्पितळांना टाळी लागली. लंडनच्या उत्तरेला कोल्नी हॅच नावाचं प्रचंड इस्पितळ होतं, १८५१ साली सुरू झालेलं. त्याचे व्हरांडे इतके लांब, की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे एक फेरफटकाच. ते १९९३ साली बंद झालं. आज तिथं श्रीमंतांचे फ्लॅट आहेत, नावही बदललं आहे. लंडनचंच बेथलेम इस्पितळ, ज्याच्या नावावरून इंग्रजीत गोंधळ-गोंगाटाला ‘बेडलम’ म्हणतात, ते १९३० साली दुसरीकडे हललं. त्याच्या जुन्या इमारतीत १९३६ पासून युद्धाचं संग्रहालय आहे. एका प्रकारचं वेड तिथून गेलं आणि दुसऱ्या प्रकारचं काचेच्या कपाटात येऊन बसलं, असं मला ते वाचताना वाटलं होतं.

पण सगळ्यांत मनात राहिली ती अमेरिकेतल्या विलर्ड इस्पितळाची हकीगत. न्यूयॉर्क राज्यात एका लांबलचक तळ्याच्या काठी हे इस्पितळ १८६९ पासून होतं. १९९५ साली ते बंद झालं. सामान आवरताना एका इमारतीच्या माळ्यावर चारशेहून अधिक ट्रंका आणि सुटकेसी सापडल्या. रुग्ण दाखल होताना सोबत आणलेलं ते सामान होतं. इस्पितळाने ते नीट बांधून, नाव लावून वर ठेवलं होतं. माणूस घरी जाईल तेव्हा देता येईल म्हणून. पुष्कळजण घरी गेलेच नाहीत. तिथल्याच दफनभूमीत पाच हजारांहून अधिक माणसं पुरली आहेत, बहुतेकांच्या थडग्यावर नाव नाही, नुसता आकडा. ट्रंकांवर मात्र नावं होती. राज्याच्या संग्रहालयाने त्या जपल्या आणि २००४ साली त्यांचं प्रदर्शन भरलं.

ते वाचलं आणि मला आमच्या वरवंडची ट्रंक आठवली.

वरवंड माझं आजोळ. दौंड तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. तिथं इंग्रजांच्या वेळचा मोठा तलाव आहे, व्हिक्टोरिया तलाव म्हणतात त्याला. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी यवतहून निघाली, की पुढचा मुक्काम वरवंडला असतो. मला तीन मामा. मधले मामा कालव्याचं पाणी फार बारकाईने बघायचे. आवर्तन कधी सुटलं, कुणाच्या पाटाला किती दिवस पाणी आलं, याची ते वहीत नोंद ठेवत. पालखी आली की रात्रभर वारकऱ्यांना पाणी द्यायला उभे राहत. मग हळूहळू त्यांची नोंदवही वाढत गेली. कालव्याचं पाणी आपल्याशी बोलतं, असं ते म्हणू लागले. रात्री-बेरात्री बांधावर जाऊन उत्तरं देऊ लागले. देवऋषी झाला, दर्ग्याला नेऊन झालं, आणि मग एके दिवशी थोरल्या मामांनी त्यांना एसटीत बसवून पुण्याच्या बाजूला, सरकारी दवाखान्यात नेलं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. जाताना त्यांनी आपली पत्र्याची ट्रंक आजीकडे दिली आणि सांगितलं, ‘कुलूप काढू नको. मी दिवाळीला येतो.’

ते आले नाहीत. त्याचं कारण आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं.

महामार्ग रुंद झाला तेव्हा आजोळचं रस्त्याकडेचं जुनं घर पाडावं लागलं. माळ्यावरून ती ट्रंक खाली आली. कुलूप गंजून गेलं होतं, ते तोडलं. आत एक धोतर, टाळांचा जोड, पाण्याच्या नोंदींच्या तीन वह्या, आणि सगळ्यांत वर दोन पोस्टकार्डं. ती मामांनी ठेवलेली नव्हती, कारण ते गेल्यानंतरची होती. कुलपाची किल्ली आजीकडे असायची. तिनेच केव्हातरी ती आत सरकवली असणार. दोन्ही कार्डं दवाखान्याची. पहिल्यावर सरकारी मराठीत लिहिलं होतं, की रुग्णाची प्रकृती सुधारली आहे, तरी नातेवाइकांनी येऊन घेऊन जावे. दुसऱ्यावर तेच, दीड वर्षानंतरचं, फक्त ‘तातडीने’ हा शब्द जास्त.

कुणीही गेलं नाही. दवाखान्याने बोलावलं होतं, औषधाने गुण आला होता, दार उघडं होतं. बंद होतं ते आमचं.

का बंद होतं? लोकलाज होतीच. घरात लग्नाच्या मुली होत्या. पण नुसती लाज नव्हती. त्याच काळात आजोबा वारले होते आणि जमिनीवर वारसांची नोंद करायची होती. तलाठ्याकडे जो अर्ज गेला, त्यात आजोबांना मुलगे दोनच असल्याचं लिहिलं गेलं. सातबाऱ्यावर दोनच नावं चढली. मधल्या मामांना जिवंतपणी कागदावरून उतरवलं गेलं. पुढं रस्त्याला जमीन गेली, मोबदला आला, त्याचेही दोनच भाग झाले. माझी आईही गप्प राहिली, आणि मोठं झाल्यावर मीही कधी विचारलं नाही. मामा तिकडेच वारले. त्यांची माती कुणी केली, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

श्रोतेहो, हे रेडिओवर सांगताना मला संकोच वाटतो. पण आमचं घर जगावेगळं नाही. गावोगावच्या सातबाऱ्यांत अशी पुसलेली नावं आहेत. म्हणून मी म्हणालो, की इस्पितळाच्या जागेचा प्रश्न घरापर्यंत येतो. वेड्याला जागेची काय गरज, असं आपण घरात आधी ठरवतो. सरकार आणि शहर ते नंतर ठरवतात.

याला आपली परंपराही आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही टीका हिंदूंच्या वारसाहक्काचा आधार मानली गेली. तिच्यात वेड्याला, आंधळ्याला, पांगळ्याला वडिलार्जित मिळकतीत वाटा नाही. मात्र त्यांना पोसायची जबाबदारी वाटा घेणाऱ्यांवर टाकलेली आहे. म्हणजे जमीन तुझी नाही, पण भाकरी तुझी आहे. १९२८ साली कायदा झाला आणि जन्मजात वेड सोडून बाकीच्या व्यंगांचा अडसर दूर झाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तर स्वच्छच सांगितलं. त्याचं २८ वं कलम म्हणतं, की कोणत्याही रोगामुळे किंवा व्यंगामुळे कुणाचा वारसाहक्क जात नाही. मधल्या मामांचं नाव वगळलं गेलं तेव्हा हा कायदा झालेला होता. आम्ही जुन्या शास्त्रातली पहिली ओळ पाळली, जमीन न देण्याची. भाकरीची ओळही विसरलो.

आता आणखी एक कायदा आलेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, मे २०१८ पासून लागू झालेला. त्याचं १९ वं कलम प्रत्येकाने वाचावं असं आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. त्याला घर नाही, घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणाने त्याला इस्पितळात ठेवून घेता येणार नाही. अशांसाठी बाहेर राहायची सोय करणं ही सरकारची जबाबदारी आहे. चांगलं कलम आहे. पण अंमलबजावणीत आपण काय केलं? बरे झालेले, पण जायला जागा नसलेले रुग्ण भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवायला सुरुवात केली. २०२१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावं लागलं, की हे ताबडतोब थांबवा. ठाण्याच्या पुनर्विकासाकडे मला या नजरेने बघावंसं वाटतं. नव्या इमारतीत तीन हजारांहून अधिक खाटा असतील. त्यांतल्या किती खाटांवर आजारी माणूस असेल आणि किती खाटांवर बरा झालेला, पण कुणी न्यायला न आलेला माणूस असेल?

इटलीतल्या त्रिएस्ते गावाने याचं वेगळं उत्तर दिलं. १९७१ साली तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख म्हणून फ्रांको बाझाल्या नावाचे डॉक्टर आले. आत सुमारे बाराशे माणसं होती. बाझाल्यांनी कोठड्यांची कुलपं काढली, पट्टे-साखळ्या काढल्या. इस्पितळात कपड्यांची गाडी ओढणारा मार्को नावाचा एक म्हातारा घोडा होता. त्याला कसायाकडे पाठवायचं ठरलं, तेव्हा रुग्णांनी अर्ज करून त्याला वाचवलं. पुढे १९७३ मध्ये रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून लाकडाचा आणि कागदाच्या लगद्याचा एक भलामोठा निळा घोडा केला. नाव तेच, मार्को. त्याला गावात मिरवत न्यायचं ठरलं, तर तो दारातून मावेना. शेवटी दार फोडून घोडा बाहेर काढला आणि त्याच्यामागून रुग्ण गावात गेले. ही गंमत वाटेल, पण इटलीत १९७८ साली मनोरुग्णालयं बंद करण्याचा कायदा झाला, तो या लोकांच्या खटपटीमुळे.

महत्त्वाचं पुढंच आहे. त्रिएस्तेचं इस्पितळ रिकामं झालं तेव्हा ती टेकडीवरची सुंदर जागा कुणा बिल्डरला गेली नाही. आज तिथं सार्वजनिक बाग आहे, हजारो जातींचे गुलाब आहेत, विद्यापीठाचे विभाग आहेत, आरोग्यखात्याची कार्यालयं आहेत. एक उपाहारगृह आहे, ते सहकारी संस्थेमार्फत चालतं आणि पूर्वीचे रुग्ण तिथं काम करत आले आहेत. आणि रेडिओवर बोलतोय म्हणून मुद्दाम सांगतो, तिथं १९८४ पासून एक रेडिओ केंद्रही चालत आलं आहे. गावात ठिकठिकाणी चोवीस तास उघडी असणारी लहान मानसिक आरोग्य केंद्रं आहेत. भिंत पडली, गाव आत आलं आणि आतली माणसं गावात गेली. त्यांच्या वाट्याची जागा मात्र त्यांच्याकडे राहिली.

कुणी म्हणेल, ते इटलीत जमतं, आपल्याकडे नाही. तसं नाही. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते, पण त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम उभं केलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल, त्यामागेही डॉ. वाणी होते. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणते, औषधोपचार करते आणि देशाच्या कोपऱ्यातलं त्यांचं घर शोधून पोचवते. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महामार्गावरच्या आमच्यासारख्या गावांना या कामाची किंमत चटकन कळेल. अंगावर चिंध्या, हातात बोचकं घेऊन रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं आम्ही रोज बघतो. चेन्नईची ‘बन्यन’ ही संस्था बरे झालेल्या चार-पाच जणांना साध्या वस्तीत भाड्याचं घर घेऊन देते. शेजारी असतात, दारात चपला असतात, सकाळी दूधवाला येतो.

मग ठाण्यासारख्या ठिकाणी काय करता येईल? मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, जागेतून जो पैसा आणि जी सोय उभी राहील, तिच्यातून अशी लहान घरं आधी बांधावीत. ती भिंतीच्या आत नकोत, शहरात हवीत. दुसरी, नव्या स्थानकावरची उपाहारगृहं, वर्तमानपत्रांचे आणि फुलांचे स्टॉल, यांतले काही बऱ्या झालेल्या रुग्णांच्या संस्थांना द्यावेत. शंभर वर्षं ज्यांनी ती जमीन राखली, त्यांना तिथं निदान एक टपरी मिळायला हरकत नसावी. तिसरी, एक जुनी बराक पाडू नये. तिच्यात जुन्या वस्तू ठेवाव्यात : ताटल्या, माग, चाव्यांचे जुडगे. रुग्णांची नावं उघड करू नयेत, ती कायद्याने गुप्त आहेत आणि ते योग्यच आहे. पण किती माणसं इथं आली आणि किती परत गेली नाहीत, हे शाळेच्या मुलांना तिथं उभं राहून कळावं.

चौथी गोष्ट सरकारने करायची नाही. ती आपण करायची. घरच्या सातबाऱ्यावर, मिळकतीच्या कागदावर कुणाचं नाव गळलं आहे का, ते एकदा बघा. घरात कुणी असं असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या, मनोरुग्ण म्हणून लपवू नका. जिल्हा रुग्णालयात या उपचाराची सोय असते. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा फोन नंबर आहे, २०२२ पासून सुरू झालेला. त्यावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आमच्या मामांच्या वेळी असा नंबर नव्हता. पोस्टकार्ड मात्र होतं. त्याचं उत्तर आम्ही दिलं नाही.

ती ट्रंक आता माझ्याकडे आहे. वह्यांमधल्या नोंदी एकदा पाटबंधाऱ्यातल्या एका निवृत्त गृहस्थांना दाखवल्या. ते बराच वेळ चाळत राहिले आणि म्हणाले, ‘पहिल्या दोन वह्या अगदी बरोबर आहेत हो. इतक्या बारकाईने कुणी लिहून ठेवलं नसेल.’ तिसऱ्या वहीत पाणी बोलायला लागतं. तिथंही मामांनी तारीख आणि वेळ मात्र कधी चुकवलेली नाही.

दर आषाढात पालखी वरवंडला मुक्कामाला येते. गेली काही वर्षं मी त्या रात्री तिथं जातो आणि मधले मामा उभे राहायचे त्या बाजूला पाण्याचा पिंप घेऊन उभा राहतो. वारकरी ओंजळ पुढे करतात. नाव कुणी विचारत नाही. विचारलं तर मी मामांचं सांगतो.